सुरी, विळी, कोयता: धार लावायची कशी आणि दमट हवेत टिकवायची कशी

कोकणातल्या घरात धारेची हत्यारं तीन. ओट्यावर सुरी, खाली विळी आणि पडवीत खुंटीला आकडीसकट (कमरेला कोयता अडकवायची ती) टांगलेला कोयता. तिघांनाही एकच दगड चालतो, पण हात प्रत्येकाला वेगळा लावावा लागतो.

दगड महागाचा नको. हार्डवेअरच्या दुकानात नाहीतर आठवडा बाजारात मिळणारा दुहेरी कार्बोरंडमचा दगड पुरतो. त्याची एक बाजू खरखरीत असते, दुसरी बारीक. निदान वीतभर लांब घ्या, बोटाएवढ्या दगडावर सुरी सरळ फिरत नाही. जांभ्याच्या चिऱ्यावर कोयता घासणारे पुष्कळ दिसतात. पण जांभा भोकाभोकांचा, एका जागी कठीण तर दुसऱ्या जागी मऊ. त्यावर एकसारखी धार येणार कशी? चिरा भिंतीतच बरा.

आता सुरी. दगड पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा आणि ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. खरखरीत बाजू वर. सुरी आडवी ठेवून तिची पाठ थोडी उचला. पातं 4 सेंमी रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण 1 सेंमी वर आली की 15 अंशांचा कोन होतो, आणि भाजी-मासळीच्या सुरीला तो छान. जाडजूड सुरीला थोडा जास्त द्या. कोनाचा अंदाज येत नसेल तर धारेलगत मार्करने काळी रेघ ओढा आणि दोनचार हात मारून बघा. रेघ धारेच्या टोकापर्यंत पुसली गेली तर कोन बरोबर. फक्त वर, पाठीकडेच पुसली तर पाठ जरा उचला, नुसती धारेच्या कडेला पुसली तर जरा खाली आणा.

मग धार पुढे ठेवून, मुठीपासून टोकापर्यंत अख्खं पातं दगडावरून न्या. पहिल्यांदा एकाच बाजूने. किती वेळा, ते मोजत बसू नका. धार स्वतःच सांगते. दुसऱ्या बाजूने अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा, हळूच ओढा (धारेच्या लांबीवरून कधीही नाही). कडेला बारीक खरखर लागेल, नख अडकेल इतकी. घासलेलं पोलाद कडेवरून पलीकडे वळलं, म्हणजे त्या बाजूचं काम धारेपर्यंत पोचलं. ही खरखर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. बहुतेकांची सुरी फसते ती इथेच: मधे खरखर आली की ते बाजू बदलतात आणि टोक बोथटच राहतं. सलग झाली की मग दुसरी बाजू, तशीच.

आता दगड उलटा करा. बारीक बाजूवर एक हात इकडून, एक तिकडून, आणि प्रत्येक फेरीला दाब कमी करत जा. शेवटचे हात सुरीच्या स्वतःच्या वजनानेच. उरलीसुरली खरखर जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर काढायची. इथे मात्र पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर पट्टा कापला जाईल. पिकल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवून ओढा. साल दाबली न जाता फाटली की झालं.

विळीला उलटं गणित. पातं पाटाला पक्कं आणि वर वाकडं, म्हणून दगड हलतो, विळी नाही. पाट भिंतीला टेकवून घट्ट धरा, दगड ओला करा आणि बुडापासून बाकाच्या वळणाने वर न्या. दगड धरलेली बोटं धारेच्या पातळीच्या मागे राहू द्या. आधी धार नीट पाहा. ती एकाच बाजूने उतरती असेल तर त्याच बाजूने घासा, दुसऱ्या बाजूला दगड सपाट टेकवून फक्त खरखर काढा. टोकाच्या खवणीचे दाते दगडाने होत नाहीत. त्यांना बारीक त्रिकोणी कानस, प्रत्येक खाचेत दोनतीनदा.

कोयत्याला सुरीसारखी पातळ धार देऊ नका. शहाळं सोलायचं, झावळ तोडायची, कधी वाळल्या फांदीवर घाव घालायचा. पातळ धार तिथे चिरफळते. कोन 25 अंशांच्या आसपास, आणि धारेमागे थोडी फुगीर जाडी राहू द्या. पातं लाकडी ओंडक्यावर टेकवा आणि ओला दगड हातात धरून छोट्या गोलांत फिरवा. ट्रकच्या कमानपाट्याचा गावठी कोयता असा सहज होतो. तो कोरड्या इलेक्ट्रिक ग्राइंडरवर मात्र देऊ नका. कडेला निळसर झाक आली म्हणजे पोलाद 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं आणि त्या जागेचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरला. मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. खाचा पडल्या असतील तर कोयता लोहाराकडे न्यावा.

हे सगळं दगडाचं. आपल्याकडे धार जास्त जाते ती मोरीत. बांगडे साफ करून सुरी तशीच टाकली, कैरी चिरून विळी पुसली नाही, की मीठ आणि आंबट मिळून धारेची कड खातात. गंजाचा फटका आधी तिथेच बसतो, कारण पातं तिथेच सगळ्यात पातळ. स्टेनलेसलाही डाग पडतात, फक्त उशिरा. म्हणून काम झालं की गोड्या पाण्याने धुवा, लगेच पुसा, उभी वाळवा. जून ते सप्टेंबर विळी-कोयत्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा. ते खाण्यातलंच आहे, आणि जवसाच्या तेलासारखं सुकून चिकट होत नाही. फणसाच्या दिवसांत कापण्यापूर्वीच पात्याला तेल लावा, चीक नंतर पुसला जातो. कोयता आकडीत अडकवलेला राहू दे, पण म्यान असेल तर दमट चामड्यात पावसाळाभर ठेवू नका.

बाहेर, बागेत किंवा खाडीवर, दगड सोबत नसेल तर चिनी मातीच्या बरणीचं बूड कामाला येतं. खाली कडेला जिथे झिलई नसते ती खडबडीत कड पोलादापेक्षा कठीण. सुरीचे पाचसहा हात दोन्हीकडून तिच्यावर मारले की दुपारपर्यंत भागतं. ओढ्यातला सपाट, गुळगुळीत काळा गोटाही चालेल, फक्त तो चकाकणारा नसावा. कालवं फोडायला स्वयंपाकाची सुरी मात्र नेऊ नका. टोक मोडतं आणि हातातही शिरतं.

भातकापणीचा दातेरी विळा यात धरलेला नाही. त्याचे दाते सरळ दगडावर घासले की सपाट होऊन जातात, तो दसऱ्याच्या आधी लोहाराकडे टाकावा.