गरम हिरा, गार बॅकग्राउंड: इन्फ्रारेड मोजणीतल्या या चुका टाळा

तापवता येणाऱ्या डायमंड एटीआरवर (नमुना हिऱ्याच्या क्रिस्टलवर दाबून त्याचं इन्फ्रारेड शोषण मोजायचं साधन) पॉलिमरचा नमुना १८० अंशांना मोजला आणि १९०० ते २३०० प्रति सेंमीच्या (ही तरंगसंख्या, म्हणजे एका सेंटिमीटरात मावणारे तरंग) पट्ट्यात वरखाली कमानी उमटल्या, की संशय आधी नमुन्यावर जातो. माझ्यासमोर एकाने वहीत ‘नायट्राइल?’ असं लिहूनही टाकलं होतं (कार्बन-नायट्रोजनचा तिहेरी बंध; त्याचं शोषण याच पट्ट्यात येतं). नमुना बिचारा निर्दोष होता. कमानी खालच्या हिऱ्याच्या होत्या.

शुद्ध हिऱ्यात सगळे अणू कार्बनचेच आणि रचना सममित, त्यामुळे एकट्या फोनॉनकडून (क्रिस्टलमधल्या अणूंच्या कंपनाचा सुटा हिस्सा) इन्फ्रारेड शोषलं जात नाही. दोन फोनॉन मिळून मात्र शोषतात, ते साधारण १३३२ ते २६६५ प्रति सेंमीच्या दरम्यान. तापमान चढलं की हा पट्टा वाढतो, पसरतो आणि कमी तरंगसंख्येकडे सरकतो. बॅकग्राउंड (नमुन्याशिवायची, तुलनेसाठीची मोजणी) सकाळी २५ अंशांना घेतलेला असेल, तर वजाबाकीत हा फरक शिल्लक राहणारच. म्हणून प्रत्येक तापमानाला नवा बॅकग्राउंड घ्या, तोही आकडा स्थिर झाल्यावर. शंका असेल तर नमुना न ठेवताच गरम क्रिस्टल गार बॅकग्राउंडशी ताडून बघा. तीच नक्षी आली तर उत्तर मिळालं.

सुट्या हिऱ्यावर काम करणारे दुसऱ्या खड्ड्यात पडतात. २००० प्रति सेंमीजवळचा शोषण गुणांक (दर सेंमी जाडीमागचं शोषण, सुमारे १२ प्रति सेंमी) धरून नमुन्याची जाडी काढायची पद्धत सोयीची आहे, पण तो आकडा खोलीच्या तापमानाचा. प्रत्येकी १००० प्रति सेंमीचे दोन फोनॉन धरून हिशोब केला, तर ८०० केल्विनला शोषण ३०० केल्विनच्या तुलनेत सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतं. जाडी तेवढीच फुगलेली दिसेल, आणि तिच्यावर बेतलेलं हिऱ्यातल्या नायट्रोजनचं प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी घटलेलं.

उलट, द्रव नायट्रोजन ओतून हा पट्टा घालवता येईल ही आशा फोल आहे. त्याच हिशोबाने ७७ केल्विनपर्यंत उतरलात तरी घट दोन टक्क्यांच्या आतच, कारण खोलीच्या तापमानालाच हे फोनॉन जवळपास निजलेले असतात. गार करायचंच तर हिऱ्यातल्या बोरॉनच्या शोषण रेषांसाठी करा, त्या खरोखर टोकदार होतात. फक्त निर्वात नीट नसेल तर हिऱ्यावर बर्फ धरतो. त्याचा रुंद पट्टा ३२५० च्या आसपास येतो आणि हिऱ्यातल्या हायड्रोजनची ३१०७ ची रेष त्याच्या उतारावर बसते.

तापलेला नमुना आणि धारक स्वतःही इन्फ्रारेड सोडतात. एफटीआयआरमध्ये (इंटरफेरोमीटर वापरणारा नेहमीचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर) त्यातला काही भाग इंटरफेरोमीटरकडे मागे जाऊन डिटेक्टरवर परततो आणि पारगमन (आरपार गेलेल्या प्रकाशाचं प्रमाण) चुकीचं दिसतं. स्रोत झाकून एक मोजणी घ्या आणि तिचा इंटरफेरोग्राम (स्पेक्ट्रम काढण्याआधीचा कच्चा संकेत) वजा करा, तयार स्पेक्ट्रम नव्हे.

जर्मेनियमचा (हाही एटीआर क्रिस्टलसाठी वापरतात) अनुभव हिऱ्याला लावू नका. शंभर अंशांपुढे जर्मेनियम उष्णतेने मोकळ्या झालेल्या विद्युतभारांमुळे (मुक्त वाहक) झाकोळू लागतं. हिऱ्याचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्याला ती अडचण नाही. १९७८ मध्ये शुक्रावर उतरलेल्या पायोनियर व्हीनसच्या मोठ्या प्रोबमधल्या इन्फ्रारेड रेडिओमीटरला १३.५ कॅरट हिऱ्याची खिडकी होती, ती उगाच नव्हे.

मात्र हवेत ६०० ते ७०० अंशांच्या पुढे हिऱ्याचा पृष्ठभाग जळू लागतो. गार झाल्यावरही पारगमन पूर्वीइतकं परत आलं नाही, तर फोनॉनचा विचार सोडा आणि पृष्ठभाग मायक्रोस्कोपखाली बघा.