माणूस विरुद्ध उंदीर: प्रोजेक्टमधली माझी पहिली भारी लिस्ट फुसकी कशी निघाली

एमएस्सीच्या शेवटच्या सेमला प्रोजेक्ट वाटले तेव्हा माझ्या वाट्याला आलं ब्लड-ब्रेन बॅरिअरचं, म्हणजे रक्तातलं नको ते मेंदूत शिरू न देणाऱ्या अडसराचं, जीन एक्स्प्रेशन (कुठलं जीन किती चालू आहे ते आरएनएवरून मोजणं), माणसात आणि उंदरात तुलना करून. माझी इच्छा वेट लॅबची, म्हणजे हाताने प्रयोग करायची होती, पण माणसाच्या मेंदूचं टिश्यू काय वाण्याकडे मिळत नाही, बंगळुरूला निम्हान्समध्ये ब्रेन बँक आहे पण त्यासाठी एथिक्स कमिटी, अर्ज, वाट बघणं, आणि हातात चार महिने. मॅडम म्हणाल्या, जिओवर (जीन एक्स्प्रेशनच्या सार्वजनिक डेटाबेसवर) लोकांनी टाकलेला डेटा फुकट पडलाय, तो घे आणि लॅपटॉपवर कर. आता ज्युनियर लोक विचारतात म्हणून लिहितोय, मी कुठे कुठे आपटलो ते.

आधी एक समजून घ्या, हा बॅरिअर म्हणजे मेंदूभोवतीची भिंत नाही. मेंदूतल्या बारीक केशवाहिन्यांचं आतलं अस्तर म्हणजे एंडोथेलियल पेशी, त्या एकमेकींना टाइट जंक्शननी घट्ट चिकटलेल्या, आणि त्यांच्यावर पंप, जे नको ते औषध आत शिरायच्या आधीच परत रक्तात फेकतात. सगळ्यात प्रसिद्ध पंप पी-ग्लायकोप्रोटीन. १९९४ चा किस्सा आहे, अ‍ॅमस्टरडॅमच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये या पंपाचं जीन काढून टाकलेले उंदीर होते, अंगावर किडे झाले म्हणून नेहमीसारखं आयव्हरमेक्टिन फवारलं, तर साधे उंदीर ठणठणीत आणि हे मात्र मेले, कारण औषध सरळ मेंदूत गेलं.

आणि गंमत बघा, नेमकं हेच जीन माझ्या टेबलातून गायब झालं आणि मला तीन आठवडे पत्ताच नाही.

झालं काय, माणसाच्या जीनचं नाव सगळं कॅपिटलमध्ये लिहितात, उंदराच्या जीनचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. मी म्हटलं सोपंय, उंदराची नावं कॅपिटल करायची आणि जुळवायची. टाइट जंक्शनमधलं क्लॉडिन-५ जुळलं, ग्लुकोज आत नेणारं ग्लूट-१ चं जीन जुळलं, हजारो जुळली, म्हणून शंका आली नाही. पण पी-ग्लायकोप्रोटीनचं माणसात एबीसीबी१ हे एकच जीन आहे, उंदरात त्याची दोन आहेत, एबीसीबी१ए आणि एबीसीबी१बी, मग ते कशाशी जुळणार? एरर येत नाही, ओळ गुपचूप गळते. त्यामुळे नावावर जाऊ नका, एन्सेम्बल या जीनोम डेटाबेसच्या बायोमार्टमधून ऑर्थोलॉगचं (दोन प्राण्यांतल्या एकाच मूळ जीनच्या जोड्यांचं) टेबल उतरवा, एकास एक जोड्या वेगळ्या ठेवा आणि एकास अनेक वाल्या हाताने बघा. आणि एक्सेलमध्ये जीनची यादी उघडू नका प्लीज, सेप्ट आणि मार्च नावाच्या जीन्सच्या तारखा होतात, शेवटी २०२० मध्ये माणसाच्या त्या जीन्सची नावंच बदलावी लागली.

हे निस्तरलं, डीईसेक-टू (कुठली जीन्स कमी-जास्त आहेत ते काढणारं सॉफ्टवेअर) चालवलं, तर एरर, मॉडेल मॅट्रिक्स फुल रँक नाही, म्हणजे दिलेले दोन कॉलम एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. मी काय करावं? एरर जावा म्हणून बॅचचा, म्हणजे सॅम्पल कुठल्या लॅबचं त्याचा, कॉलमच उडवला. मग काय, व्होल्कॅनो प्लॉट (कुठलं जीन किती वर-खाली आणि किती खात्रीने, ते दाखवणारा आलेख) असा सुंदर की दिवाळीतलं झाड, हजारो जीन्स दोन्हीकडे उधळलेली. रात्री एक वाजता सीनियर ताईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सकाळी एवढाच रिप्लाय: "जीएफएपी वर काय करतंय रे?"

जीएफएपी हे वाहिनीच्या अस्तराचं नव्हे, मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींचं, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइटचं जीन. माझ्या 'फक्त माणसात जास्त' यादीत ते पहिल्या दहात, त्याच्या जरा खाली हिमोग्लोबिन! मग पेपरांचे मेथड सेक्शन पहिल्यांदा नीट वाचले. उंदराच्या एंडोथेलियल पेशी मशीनवर एकेक निवडून घेतलेल्या, माणसाच्या मात्र मायक्रोव्हेसल, म्हणजे टिश्यू घोटून, डेक्स्ट्रानच्या दाट द्रावणात फिरवून जाळीवर अडकलेले वाहिन्यांचे तुकडे, त्यांना पेरिसाइट (वाहिनीला बाहेरून वेढणाऱ्या पेशी) आणि अ‍ॅस्ट्रोसाइटचे पाय चिकटलेले. एका सुपात निवडलेले तांदूळ, दुसऱ्या सुपात कोंड्याखड्यासकट, आणि मी मोजतोय तांदळाची जात. उंदराचं रक्त हृदयातून सलाइन सोडून धुतलेलं, माणसाचं कोण धुणार, म्हणून हिमोग्लोबिन. उलट उंदराकडे फॉस आणि जून वर, ती ताणाची जीन्स, ३७ डिग्रीला एन्झाइममध्ये पेशी सुट्या करताना चढतात.

आणि तो एरर बरोबरच होता. सगळी माणसं एका लॅबची, सगळे उंदीर दुसऱ्या लॅबचे, मग फरक प्राण्याचा की लॅबचा हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

शेवटी असं केलं, दोन्ही प्राण्यांवर एकाच पद्धतीने काम केलेला डेटा शोधला (शोधायला वेळ लागतो, पण तो वेळ द्या), आधी प्रत्येक सॅम्पलमध्ये पेरिसाइट, अ‍ॅस्ट्रोसाइट, न्यूरॉन, रक्त यांची ओळखीची जीन्स किती आहेत ते बघितलं, आणि थेट आकडा न तोलता त्या त्या प्राण्यात ते जीन कितव्या नंबरवर आहे ते तोललं. हजारोंची यादी पार आटली. उरलं त्यात एक पक्कं होतं: उंदरात पी-ग्लायकोप्रोटीनचा जोर, माणसात बीसीआरपी नावाच्या दुसऱ्या पंपाचा वाटा मोठा. जपानच्या तोहोकू युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०११ मध्ये प्रोटीन मोजून हेच दाखवलंय, त्यामुळे जीव भांड्यात पडला. आरएनएवरून प्रोटीनचं सांगायचं म्हणजे तशी रिस्कच असते.

अजून एक, ऑर्थोलॉग टेबलात न बसलेली जीन्स डिलीट करू नका. मी ती 'टाकाऊ' नावाच्या फाइलमध्ये ठेवली होती. त्यात एलवाय६ए होतं, उंदराच्या मेंदूतल्या वाहिन्यांवर असलेलं, माणसाच्या त्या वाहिन्यांवर मात्र नसलेलं. पीएचपी-ईबी नावाचा जीन थेरपीचा व्हायरस काळ्या सी५७ जातीच्या उंदराच्या मेंदूत धडाधड शिरायचा, बाल्ब-सी जातीच्या उंदरात अडायचा, आणि २०१९ मध्ये कळलं की त्याचं दार म्हणजे हेच प्रोटीन. म्हणजे माणसात त्या व्हायरसला ते दारच नाही, आणि माझ्या स्वच्छ, सुबक टेबलात हा फरक दिसायची सोयच नव्हती.