‘तुमचा ब्राउझर तपासत आहोत’ इथेच साइट अडकली? या चुका टाळा

प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस होता. शेजारच्या मावशींनी सकाळी साडेनऊला हाक मारली, “अरे, जरा बघ ना, नेट गेलंय का? कालपासून नुसतं गोल गोल फिरतंय.” नेट गेलं नव्हतं. बातम्या उघडत होत्या, व्हिडिओ चालत होते. फक्त अर्जाच्या साइटसमोर ‘तुम्ही माणूस आहात याची खात्री करा’ असा चौकोन यायचा. त्यावर क्लिक केलं की बरोबरची खूण उमटायची आणि पुन्हा तेच पान, तोच चौकोन. मी पोचेपर्यंत पान तीसेक वेळा रिफ्रेश झालं होतं, भाच्याने एक फुकट व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्याच कॉम्प्युटरमधून फिरवून आणणारं ॲप) बसवून दिलं होतं आणि मावशींच्या लेकीने ब्राउझरमधलं सगळंच्या सगळं पुसून टाकलं होतं. जतन केलेले पासवर्डही त्यात गेले.

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळ दाखवत होतं रात्रीचे ११:१२. दोष तिथे होता.

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते, दुकानात सीआर २०३२ म्हणून मागायची. ती उतरली की कॉम्प्युटर बंद असताना घड्याळही थांबतं. रात्री जिथे थांबलं, सकाळी तिथूनच पुढे चालू. दहा-बारा तास मागे असलेल्या घड्याळाने साध्या साइट बहुतेक वेळा उघडतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण सुरक्षा तपासणीत मिळणारी परवानगी वेळेला बांधलेली असते, ती अशा घड्याळाशी जुळत नाही. घड्याळ काही वर्षं मागे गेलं तर मात्र जवळजवळ सगळ्याच साइट अडतात आणि क्रोम सरळ सांगतो, तुमचं घड्याळ मागे आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये वेळ आपोआप ठरवण्याचा पर्याय चालू केला, ‘आता जुळवा’ दाबलं आणि व्हीपीएन काढून टाकलं. पान उघडलं. बॅटरी दुपारी बदलली.

हे सविस्तर सांगायचं कारण एवढंच, की घाईघाईत आपण जे उपाय करतो त्यांतले बरेचसे अडचण वाढवतात. आत काय चालतं हे कळलं तर हात आपोआप योग्य जागी जातो.

तपासणी काय बघते

आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामना, म्हणजे यंत्रांना, अडवायला क्लाउडफ्लेअरसारखी सेवा साइटच्या पुढे उभी असते. तुम्ही आलात की ती तुमच्या ब्राउझरला जावास्क्रिप्टचा एक छोटा तुकडा, म्हणजे छोटा प्रोग्राम, पाठवते. ब्राउझर तो चालवतो आणि उत्तर परत जातं. उत्तर पटलं की कुकीच्या (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) रूपात एक पास मिळतो. क्लाउडफ्लेअरचा हा पास साइटमालकाने बदलला नसेल तर ३० मिनिटांचा असतो. अशा तपासणीचं कॅप्चा हे नाव २००३ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांच्या निबंधातून रूढ झालं. तेव्हा वेडीवाकडी अक्षरं ओळखावी लागायची. क्लाउडफ्लेअरने २०२२ मध्ये आणलेल्या टर्नस्टाइल नावाच्या तपासणीत चित्रं ओळखायला लावत नाहीत. तुमचा ब्राउझर खऱ्या ब्राउझरसारखा वागतो का, एवढंच ती पाहते. म्हणजे स्क्रिप्ट चालायला हवी, वेळ जुळायला हवी, कुकी टिकायला हवी आणि तुमच्या नेटचा पत्ता (आयपी ॲड्रेस) संशयास्पद नको. यातलं एक जरी तुटलं तरी तुम्ही परत दाराशी.

रिफ्रेशचा मारा

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तपासणीला काही सेकंद लागतात. तेवढ्यात रिफ्रेश केलं की ती पहिल्यापासून सुरू होते. वर मिनिटाला वीस वेळा पान मागणारा पाहुणा यंत्रासारखाच दिसतो. स्क्रीनवर १०१५ हा एररचा आकडा आला तर समजा की तुम्ही फार वेळा दार वाजवलंय. टॅब बंद करा आणि थोडा वेळ थांबा. शेवटच्या दिवशी थांबणं जिवावर येतं हे मला माहीत आहे, पण इथे दुसरा इलाज नाही.

सगळंच पुसून टाकणं

‘कॅशे आणि कुकीज क्लिअर करा’ हा सल्ला जो तो देतो आणि लोक सगळ्या साइटचा सगळा डेटा उडवतात. त्याआधी तीच साइट ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत उघडून बघा. तिथे जुन्या कुकीज नसतात आणि तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शनही (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद असतात. तिथे पान उघडलं, तर दोष जुन्या कुकीत किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. मग पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटचा डेटा काढा. तरीही अडलं तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. जाहिराती अडवणारी, स्क्रिप्ट रोखणारी आणि ब्राउझरची ओळख बदलून दाखवणारी आधी. इन्कॉग्निटोमध्येही उघडलं नाही, तर कुकीज पुसून काही हाती लागणार नाही. दोष घड्याळात, नेटच्या पत्त्यात किंवा ब्राउझरच्या वयात शोधा.

ब्राउझरचं वय हा आपल्याकडे खरा प्रश्न आहे. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. २०२३ च्या सुरुवातीला तिथे गाडी थांबली. तालुक्याच्या गावात असे कॉम्प्युटर अजून कितीतरी घरांत आहेत. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती विंडोज ७ वर चालते, ती टाकून बघता येते. नाहीतर तेवढ्यापुरता मोबाइल वापरा. मोबाइलवर मात्र फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या आतच लिंक उघडू नका, तिथला छोटा ब्राउझर पुष्कळदा या तपासणीत गोल फिरत राहतो. तीन ठिपक्यांवर जाऊन ‘ब्राउझरमध्ये उघडा’ निवडा.

फुकट व्हीपीएन

अडलं की व्हीपीएन हा उपाय बहुतेक वेळा उलटा पडतो. व्हीपीएनच्या एका पत्त्यावरून हजारो लोक येत असतात, त्यात यंत्रंही असतात, त्यामुळे तो पत्ता आधीच बदनाम झालेला असतो. आणि तपासणी चालू असताना व्हीपीएन सुरू-बंद केलं तर एका पत्त्यावरून आलेला पाहुणा दुसऱ्याच पत्त्यावरून बोलू लागतो.

व्हीपीएन नसतानाही पत्त्यावर संशय येऊ शकतो. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात जेमतेम ४३० कोटी आहेत, म्हणून मोबाइल कंपन्या एकेक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. त्यातल्या कुणी उपद्रव केला की भोगतात सगळे. वायफायवर अडत असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. मोबाइल नेटवर अडत असेल तर अर्धा मिनिट विमान मोड चालू ठेवून बंद करा, बऱ्याचदा नवा पत्ता मिळतो. एकदा जुळलं की काम होईपर्यंत नेट बदलू नका.

परदेशात राहणाऱ्यांचं वेगळं. आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी साइट भारताबाहेरचे पत्ते आत घेत नाहीत. क्लाउडफ्लेअरच्या पानावर १००९ दिसला तर देशावरूनच बंदी आहे. अशा वेळी फुकट व्हीपीएनमधून आधार क्रमांक किंवा बँकेचा पासवर्ड टाकायला जाऊ नका. घरच्या माणसाकडून कागद काढून घेणं कितीतरी सुरक्षित.

खोट्या तपासणीला फसणं

वरच्या चुकांनी वेळ जातो. या चुकीने खातं रिकामं होतं, म्हणून इथे डोळ्यांत तेल घालून वाचा.

२०२४ पासून फसवणुकीचा हा प्रकार फोफावलाय. पान हुबेहूब खऱ्या तपासणीसारखं, तोच चौकोन. क्लिक केलं की सूचना येते: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. चौकोनावर क्लिक केलं तेव्हाच त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. उघडलेल्या छोट्या रन खिडकीत (विंडोजला आज्ञा द्यायची जागा) तुम्हाला तिचं फक्त शेपूट दिसतं, तिथे ‘मी रोबोट नाही’ अशा अर्थाचं साळसूद इंग्रजी वाक्य असतं. खरी आज्ञा डावीकडे दडलेली. एंटर दाबलं की जतन केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज चोरणारा प्रोग्राम आत येतो.

खरी तपासणी ब्राउझरच्या खिडकीबाहेर काहीही करायला सांगत नाही. रन खिडकी नाही, मॅकवर टर्मिनल नाही, कुठलं ॲप उतरवणं नाही. ‘रोबोट नसाल तर नोटिफिकेशनला अलाउ करा’ हीसुद्धा फसवणूकच, त्यानंतर फोनवर खोट्या इशाऱ्यांचा पाऊस पडतो. ते दाबलं गेलं असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्या साइटची नोटिफिकेशनची परवानगी काढून टाका.

एंटर दाबलं गेलंच असेल तर लगेच त्या कॉम्प्युटरचं नेट तोडा. दुसऱ्या फोनवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, जितक्या लवकर तितकं बरं. त्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकून घेतल्याशिवाय पुन्हा बँकेचं काम करू नका. घरातल्या मोठ्या माणसांना हे आजच दाखवा. त्यांनी काही चुकीचं केलं असं वाटून ते गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यातच वेळ जातो.

सगळं करूनही दार बंद राहिलं तर

एररचा आकडा १०२० आला तर साइटमालकाने लावलेल्या एखाद्या नियमात तुम्ही अडकला आहात. तो नियम तुमच्या बाजूने सोडवता येत नाही. पानाच्या तळाशी रे आयडी नावाची अंक-अक्षरांची एक ओळ असते. लोक ती सोडून देतात आणि ‘तुमची साइट चालत नाही’ एवढंच कळवतात, त्यावरून समोरच्याला काही शोधता येत नाही. रे आयडी, नेमकी वेळ, कुठलं पान उघडत होतात आणि मोबाइल नेट की वायफाय, एवढं लिहून स्क्रीनशॉटसह पाठवा. शेवटची तारीख असेल तर हा मेल तारीख उलटायच्या आत गेला पाहिजे. मुदतीत प्रयत्न केला होता याचा तुमच्या हातात तोच पुरावा राहतो.