पावसाळाभर पडून राहिलेले चेनसॉ सुरू होईना, तर

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन पाऊस ओसरला की गोव्यातल्या कुळागरात, म्हणजे पोफळी-मसाल्याच्या बागेत, कामांची रांग लागते. पोफळ मोडून पाटावर आडवी पडलेली असते, फणसाची फांदी मिरीच्या वेलासकट खाली आलेली असते, काजूच्या भाटात वाळक्या फांद्या आणि खोडकिडीने संपलेली झाडे काढायची असतात. मग मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपीच्या, कोपऱ्यातले चेनसॉ आठवते. दोरी वीस वेळा ओढून होते, खांदा भरून येतो आणि मशीन एकदा फुसफुसून गप्प बसते. ते जुने, दुसऱ्याकडून घेतलेले असेल तर लगेच निदान होते, 'फसवलं आपल्याला.'

फसवलेही असेल. पण चार महिने पडून राहिलेले मशीन बहुतेक वेळा मोडलेले नसते, त्याच्या टाकीत शिळे पेट्रोल असते. म्हणून कार्बोरेटर बदलायला निघण्याआधी पेट्रोल बदला. आणि त्याच्याही आधी, विशेषतः मशीन अजून विकत घेतलेले नसेल तर, पाच सेकंदांची एक परीक्षा करा.

स्विच बंद ठेवा. फक्त दोरीची मूठ धरून मशीन जमिनीपासून वीतभर वर लटकवा. चांगल्या मशीनला दोरी धरून ठेवते. ते थांबत थांबत, अडखळत खाली उतरते. बादली विहिरीत सोडावी तसे सरळ खाली गेले तर इंजिनात दाब उरलेला नाही, म्हणजे रिंगा किंवा सिलिंडर गेले. काही मशीनना दोरी हलकी यावी म्हणून दाब सोडणारे बटण असते, ते दाबलेले नाही एवढे पाहून घ्या. शंका असेल तर सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढा आणि भोकातून आत टॉर्च मारा. पिस्टनची बाजू गुळगुळीत दिसली तर ठीक. तिच्यावर उभे ओरखडे असतील तर बहुधा कुणीतरी ते मशीन ऑइलशिवाय नुसत्या पेट्रोलवर चालवले आहे. असे मशीन स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. विकणारा सायलेन्सर उघडू देत नसेल, तर तेच उत्तर समजा.

माझ्या स्वतःच्या जुन्या मशीनचा दाब उत्तम होता, प्लग नवा होता, पेट्रोल ताजे होते, तरी ते सुरू होईना. दोन दिवस कार्बोरेटरशी झटापट केली. शेवटी कंटाळून सायलेन्सर काढला, तर धूर बाहेर पडायच्या तोंडात वाळलेल्या मातीचा गोळा घट्ट बसलेला. कुंभारीण माशीने पावसाळ्यात तिथे घर बांधले होते. स्क्रू ड्रायव्हरने माती खरवडली तेव्हा आतून दोन वाळक्या अळ्याही पडल्या. धूर बाहेर जायला वाट नसेल तर ताजी हवा आत येणार कुठून? मशीन तिसऱ्या ओढीला चालू झाले. तेव्हापासून सायलेन्सरचे तोंड मी सगळ्यात आधी बघतो. तिथल्या बारीक जाळीवर काजळी साचली असेल तर पितळी ब्रशने घासून घ्या.

आता पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आज २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेते. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत अर्धवट भरलेली टाकी म्हणजे त्याला आमंत्रणच. पाणी पुरेसे झाले की इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलपासून सुटते आणि तळाला बसते. टाकीतला फिल्टर नेमका तळातूनच ओढतो. शिवाय टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल, वरच्या पेट्रोलमध्येच राहते, त्यामुळे तळाच्या थरावर मशीन चुकून चालले तरी कोरडे चालते. खात्री करायची तर टाकी काचेच्या बरणीत रिकामी करा आणि दहा मिनिटे ठेवा. खाली वेगळा थर दिसला किंवा वार्निशसारखा वास आला तर ते पेट्रोल गेले. ते विहिरीजवळ किंवा पाटात ओतू नका. गॅरेजवाले जुन्या ऑइलबरोबर ठेवून घेत असतील तर त्यांच्याकडे द्या.

नवे मिश्रण मापाने करा. मशीनवर ५०:१ लिहिले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली टूटी ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. जुन्या मशीनचे पुस्तक हरवलेले असते आणि टाकीवरचा आकडा पुसलेला असतो. अशा वेळी मॉडेल क्रमांकावरून प्रमाण शोधा. 'अंदाजे एक झाकण' हे माप नव्हे. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, तिच्यावर आकडे असतात. महिनाभर पुरेल एवढेच मिसळा.

ताज्या पेट्रोलवरही सुरू झाले नाही तर प्लग काढा. इथून पुढचा रस्ता प्लग सांगतो. तो ओला असेल तर पेट्रोल येते आहे, नुसते पेटत नाही किंवा जास्त आले आहे. दहा ओढींनंतरही प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही.

ओल्या प्लगमागे पुष्कळदा आपलीच घाई असते. चोक पूर्ण लावून दोरी ओढली की मशीन एकदा 'फट्' करते. तेवढ्यावर चोक अर्धा किंवा बंद करायचा असतो. तो आवाज ऐकूच आला नाही आणि आपण ओढत राहिलो की सिलिंडर पेट्रोलने भरतो. तसे झाले असेल तर स्विच बंद करा, प्लग काढून पुसा, मशीन उलटे धरून सात-आठ वेळा दोरी ओढा, पाच मिनिटे वाऱ्यावर ठेवा. मग प्लग बसवा, स्विच चालू करा, चोक बंद ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ओढा.

ठिणगी बघताना स्विच चालू ठेवा, प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या धातूच्या पंखांना टेकवा आणि दोरी ओढा. प्लगचे भोक फडक्याने झाका, पेट्रोलचा कॅन लांब ठेवा; उघड्या भोकाशी ठिणगी पाडणे म्हणजे केस जाळून घेणे. निळी, ठसठशीत ठिणगी हवी. प्लगमधली फट साधारण ०.५ मिमी ठेवा. ठिणगीच नसेल तर नवीन प्लग लावून बघा, मग स्विचची वायर कॉइलपासून (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागापासून) सोडवून पुन्हा बघा. वायर सोडल्यावर ठिणगी आली तर दोष स्विचचा किंवा त्या वायरचा आहे आणि काम किरकोळ आहे. तरीही नसेल तर दोरीचे कव्हर काढून मॅग्नेटवर गंज चढला आहे का ते पाहा. बारीक पॉलिश पेपरने तो घासा. कॉइल आणि मॅग्नेटमधील अंतर साधारण ०.३ मिमी असते, एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉइलचे स्क्रू आवळले की जमते.

प्लग कोरडा असेल तर आधी एक छोटी चाचणी घ्या. प्लगच्या भोकात अर्धा चमचा मिश्रण टाका, प्लग लावा, ओढा. दोन सेकंद चालून बंद पडले तर दाब आणि ठिणगी दोन्ही ठीक आहेत, अडचण पेट्रोल येण्याच्या वाटेवर आहे. टाकीचे झाकण सैल करून ओढा. तेवढ्यावर चालले तर टाकीचे हवेचे बारीक भोक बुजले आहे. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढा, काळा झाला असेल तर बदला. पेट्रोलची नळी दोन बोटांनी वाकवा, चिरली किंवा कडक झाली असेल तर हवा ओढते. मांगरात उंदीर असतील तर त्यांनी ती कुरतडलेलीही असू शकते.

हे सगळे ठीक निघाले तरच कार्बोरेटरला हात लावा. आत दोन्ही बाजूंना पातळ पडदे असतात. मऊ, लवचिक हवेत. भाजलेल्या पापडासारखे कडक झाले असतील तर पडद्यांचा किट घाला. सोडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो घ्या, कारण पडदा आणि गॅस्केट यांचा क्रम दोन्ही बाजूंना उलट असतो. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे पडदे काढूनच मारा, रबर त्याने खराब होते. भोकात तार घालू नका. बाहेरचे दोन स्क्रू फिरवायचेच असतील तर आधी हलकेच आत बसेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा. जुन्या मशीनचे हे स्क्रू आधीच्या मालकाने फिरवलेले असतात, तेव्हा दोन्ही एकेक फेरा बाहेर ठेवून सुरुवात करावी.

मशीन सुरू करताना ते जमिनीवर ठेवा, चेनचा ब्रेक लावा, मागच्या मुठीत उजवे पाऊल, पुढची मूठ डाव्या हाताने घट्ट. हातात झुलवत ओढण्याची पुष्कळांना सवय आहे. ओल्या जांभ्याच्या उतारावर तीच सवय पायावर येते. चालू झाले म्हणून उभ्या झाडाकडे वळू नका, त्यासाठी गोव्यात १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली आधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि काजूच्या फांद्या कापल्या तर कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) त्याच दिवशी लावा.

पुढच्या जूनमध्ये मशीन माळ्यावर टाकण्याआधी टाकी रिकामी करा, मग मशीन बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. प्लगच्या भोकात थोडे टूटी ऑइल सोडून दोरी दोनदा सावकाश ओढा. सायलेन्सर गार झाला की त्याच्या तोंडात चिंधी कोंबा, कुंभारिणीला दुसरी जागा शोधू दे. चिंधीची शेपटी मात्र वीतभर बाहेर लोंबती ठेवा. ऑक्टोबरात आत चिंधी आहे हे विसरून दोरी ओढत बसण्याचा प्रकारही माझ्या हातून एकदा झाला आहे.