मोठी सॅक घेताना आधी पाठ मोजा, लिटर नंतर

रतनगड ते हरिश्चंद्रगडसारख्या दोन-तीन दिवसांच्या रेंज ट्रेकला खांदे भरून येतात, ते बरेचदा सॅकची पाठ आपल्या मापाची नसल्यामुळे. ५०-६० लिटरची सॅक पुरते. माप मात्र उंचीवरून ठरवू नका. सारख्या उंचीच्या दोघांची पाठ कमीजास्त लांब असते.

१. मान खाली घातल्यावर मागे वर येणाऱ्या मणक्यावर कुणाला तरी टेप धरायला सांगा. हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांमधल्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचं माप. ते कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा.

२. दुकानातच सॅकमध्ये १०-१२ किलो वजन भरा. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते!

३. सगळे पट्टे सैल करून आधी कमरपट्टा लावा. त्याचा मध्य कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर हवा, पोटावर नको. पुढे त्याच्या दोन गाद्या एकमेकींना टेकल्या तर पट्टा मोठा आहे. मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा.

४. पंधरा मिनिटं चाला, जिना चढा-उतरा. खांद्यावर पट्ट्याखाली फट राहिली तर सॅकची पाठ लांब. पट्टे ओढताच कमरपट्टा पोटावर सरकला तर आखूड. दोन्हीत ती सॅक सोडा, कितीही सवलत असली तरी.

छातीचा पट्टा करकचून आवळू नका, चढावर श्वास अडतो.