कोळसा खाणीच्या डंपवर रोपं जगत नाहीत? या चुका टाळा

चंद्रपूर, वणी, उमरेड पट्ट्यात खुल्या खाणींच्या डंपवर, म्हणजे उपसलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्यांवर, दर पावसाळ्यात रोपं लागतात आणि मे येईपर्यंत त्यातली बरीच वाळतात. खापर उन्हावर फुटतं. पारा ४५ अंशांवर जातो हे खरंच, पण नवीन रोप लावण्याआधी मेलेलं उपटून त्याची मुळं बघा.

मुळाभोवती नर्सरीची प्लास्टिक पिशवी तशीच असेल तर चौकशी तिथेच संपली. (हसू नका, मजुरी खड्ड्यावर ठरते तिथे हे सर्रास होतं.) मुळं खड्ड्यातच गोल फिरली असतील, तर खालची जमीन डंपरच्या चाकांनी दाबली गेली आहे. चांगला पाऊस पडून गेल्यावर पहार मारा. ती फूटभरही उतरत नसेल, तर तुमचा खड्डा म्हणजे कुंडी: पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं कुजणार, उन्हाळ्यात खालून ओल मिळणार नाही.

अशी जमीन लागवडीआधी डोझरच्या रिपरने (मागच्या नांगरासारख्या दात्याने) दोन-तीन फूट फोडावी, तीही कोरडी असताना. ओल्या चिकणमातीत रिपर नुसता चिरा पाडतो. फोडून झाल्यावर पाहणीला साहेब येणार म्हणून पुन्हा डोझर फिरवून ती गुळगुळीत करू नका. अमेरिकेत ॲपलाचियन कोळसा पट्ट्यात खाणींची जमीन सावरण्याच्या १९७७च्या कायद्यानंतर धूप थांबावी म्हणून जमीन चोपून सपाट केली जायची. गवत आलं, झाडं खुरटली. आता तिथले वनतज्ज्ञ वरची चार फूट माती सैल ठेवायला सांगतात.

खाण खोदताना काढलेली वरची सुपीक माती वर्षानुवर्षं उंच ढिगात ठेवणं ही दुसरी मोठी चूक. आत हवा पोहोचत नाही. बिया आणि मुळांना मदत करणाऱ्या बुरशा मरतात. ढीग बुटके ठेवा, त्यावर ताग पेरा. जमलं तर खाणीच्या नव्या कटची (खोदकामाची) माती थेट तयार डंपवर न्या. माती उरलीच नसेल तरी मार्ग आहे. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या डंपवर नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) आणि जिवाणू खतं वापरून झाडं उभी केली.

आता झाडं कोणती? सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की फोटो लवकर हिरवा येतो. गोव्यातल्या लोहखनिजाच्या डंपवरही ऑस्ट्रेलियन बाभळीच लागल्या. तिच्याखाली पाल्याचा जाड थर साचतो, चितळाला चरायला काही नसतं. आधी मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांचं बी टाका, मग पळस, बोर, खैर, सीताफळ मिसळून लावा. गवत रोपाभोवती हातभर मोकळं ठेवा, नाहीतर तेच रोपाला दाबेल.

वेडी बाभूळ मात्र न लावता येते, आणि वस्तीलगत तिची जाळी माजू देणं जिवावर बेतू शकतं. चंद्रपूरच्या दुर्गापूर भागात माणसांवर वाघ-बिबट्याचे हल्ले झाले आहेत. जनावरांसाठी दाट आडोसा हवा तो ताडोब्याच्या जंगलाला जोडणाऱ्या बाजूला. कॉलनीच्या कुंपणाला चिकटून नको.

खाणीचा पाणी भरलेला जुना खड्डा आहे म्हणून पाणवठा तयार झाला, असं धरू नका. उभ्या कडांवरून जनावर उतरू शकत नाही, पडलं तर वर येत नाही. निदान एका बाजूने, उन्हाळ्यातल्या सर्वात खालच्या पाणीपातळीपर्यंत, हलका उतार काढा.