बडोद्यात आधी शाळा, मग घर

बडोद्याला बदली झालेल्यांचा मला पहिला फोन येतो तो घरासाठी. ‘भायलीत टू बीएचके केवढ्याला पडेल?’ मी उलट विचारते, मुलं कितवीत आहेत? आम्ही २००७ साली सांगलीहून आलो तेव्हा आधी घर घेतलं. वाघोडिया रोडला स्वस्तात फ्लॅट मिळाला म्हणून खूश होतो. शाळा मिळाली ती पार वासणा रोडला, आणि थोरलीची चार वर्षं रोज दोन तास बसमध्ये गेली. सकाळी झोपेत चढायची, दुपारी झोपेत उतरायची.

नकाशावर हे अंतर काहीच वाटत नाही. पण मधे विश्वामित्री नदी आहे आणि रेल्वेचे रूळ आहेत. अलकापुरी, गोत्री, वासणा, भायली, सेवासी हा सगळा पश्चिमेचा पट्टा. नव्या, मोठ्या पटांगणांच्या शाळा बहुतेक याच बाजूला. कारेलीबाग, हरणी, वाघोडिया रोड, आजवा रोड पूर्वेला. जाता-येता ठरावीकच पूल, आणि पाऊस पडला की अलकापुरीचं गरनाळं भरतं. गरनाळं म्हणजे रेल्वेखालचा रस्ता; हा शब्द पहिल्याच पावसाळ्यात पाठ होतो. ऑगस्ट २०२४मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा कित्येक सोसायट्यांचे तळमजले पाण्यात होते. नदीत मगरी आहेत हे खरं आहे, पुरात त्या रस्त्यावर येतात हेही खरं आहे. तेव्हा नवऱ्याची नोकरी हालोलकडे असली तरी मुलांची शाळा आणि घर नदीच्या एकाच बाजूला ठेवा. मोठ्या माणसाला प्रवास सोसतो.

आता ‘इंटरनॅशनल’बद्दल. ही पाटी कोणीही लावू शकतं. बडोद्यात नावात इंटरनॅशनल असलेल्या बऱ्याच शाळा आत सीबीएसईच शिकवतात. त्यात वाईट काही नाही, पण फी कशाची भरतोय ते कळायला हवं. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, आणि केंब्रिज हे खरे बाहेरचे अभ्यासक्रम. वासणा-भायली रोडची नवरचना इंटरनॅशनल त्यासाठी इथे ओळखली जाते. शाळेत गेल्यावर स्विमिंग पूल दाखवतील, रोबोटिक्सची खोली दाखवतील. तुम्ही फक्त विचारा, ‘बेन, दहावीची परीक्षा कोणत्या बोर्डाची, आणि मान्यता कितवीपर्यंत आहे?’ यावर उत्तर लांबलं की समजून घ्या.

हे मी ठेच लागून शिकले. धाकट्याला एका नव्या, चकचकीत शाळेत घातलं. सगळं छान होतं. तो सातवीत गेल्यावर कळलं की त्यांची मान्यता आठवीपर्यंतचीच आहे, पुढची ‘प्रोसेसमध्ये’ आहे. ती प्रोसेसमध्येच राहिली. नववीला नवी शाळा शोधायची म्हणजे काय ते ज्यांनी शोधली त्यांनाच माहीत, कारण नववीत कोणी जागा रिकामी ठेवत नाही. सीबीएसईची मान्यता टप्प्याटप्प्याने मिळते: आठवीपर्यंत, मग दहावी, मग बारावी. शाळेचा मान्यता क्रमांक मागून घ्या, गुजरातमध्ये तो ४३ने सुरू होतो, आणि बोर्डाच्या संकेतस्थळावर घरी बसून तपासा. आयबीच्या शाळांची यादीही त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. तिथे ‘उमेदवार शाळा’ असा एक प्रकार दिसेल. त्याचा अर्थ शाळेने अर्ज केलाय, मान्यता अजून मिळालेली नाही.

बोर्ड कोणतं घ्यावं, यावर माझं मत पक्कं आहे आणि सगळ्यांना ते आवडत नाही. रिफायनरी, ओएनजीसी, एल अँड टी, जिथे तीन-चार वर्षांनी सामान बांधायचं असतं, तिथल्यांनी डोळे मिटून सीबीएसई घ्यावं. पुढच्या गावात ते नक्की असेल. आयबीचं शिक्षण मला मनापासून आवडतं. भाचीच्या मुलीने तिसरीत पावसाचं पाणी कुठे जातं यावर महिनाभर काम केलं, सोसायटीच्या वॉचमनच्या मुलाखती घेतल्या. पण हाच वर्ग सहावीत सोडून तुम्ही नांदेडला गेलात तर मुलाला पाठ्यपुस्तक आणि घटक चाचणी यांची ओळख नव्याने करून द्यावी लागते.

अकरावी-बारावीच्या आयबीला डिप्लोमा म्हणतात. सहा विषय, चार हजार शब्दांपर्यंतचा एक मोठा निबंध, एकूण गुण ४५. भारतीय विद्यापीठं तो बारावीच्या बरोबरीचा धरतात. परदेशी जायचं नक्की असेल तर याहून चांगली तयारी नाही. मात्र मेच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, तोवर आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी प्रवेशाची धावपळ अर्ध्यावर आलेली असते. जेईईची तयारी करत डिप्लोमा करणारी मुलं मी पाहिली आहेत. दोन्हीकडे पाय ठेवताना त्यांची झोप जाते.

आणि ज्या घरात ‘आमची डॉक्टर होणार’ असं आत्तापासून ऐकू येतं त्यांनी हे वाचाच. महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी, म्हणजे सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागांसाठी, साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे. खाजगी नोकरीवाल्याची मुलगी इथे दहावी झाली, मग आजीकडे पुण्याला बारावी केली, तर ती महाराष्ट्राच्या कोट्यात बसत नाही. हे आमच्या बिल्डिंगमधल्या एका घराला नीटचा निकाल लागल्यावर कळलं. तेव्हा आठवीतच ठरवा, दोन्ही इथे की दोन्ही तिथे. गुजरातचे नियमही त्याच वेळी काढून वाचा.

लहान मुलांचं वेगळंच त्रांगडं. गुजरातेत पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात, २०२३-२४पासून. आपल्याकडे हीच तारीख ३१ डिसेंबर. म्हणजे ऑक्टोबरात जन्मलेलं मूल महाराष्ट्रात ज्या जूनमध्ये पहिलीला बसतं, त्याच जूनमध्ये इथे त्याला बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, बसवतात. सीनियर केजी करून आलेल्या आईला हे ऐकून रडू येतं. एक वर्ष गेलं वगैरे काही नसतं, पण बदलीची तारीख हातात असेल तर पहिली तिकडेच पूर्ण करून एलसी घेऊन या, सहसा अडत नाही. त्या एलसीवर तुमच्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच गाव सोडा. इथल्या अनेक शाळा मागतात, आणि त्या एका सहीसाठी माझ्या नवऱ्याने सांगलीची एक खेप केली आहे.

फीबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात, कारण नाही. २०१७च्या कायद्याने प्राथमिकसाठी वर्षाला १५,००० रुपयांची रेषा आखली. त्याहून जास्त घ्यायची असेल तर शाळेला फी नियमन समितीकडे, म्हणजे एफआरसीकडे, हिशेब मांडून मंजुरी घ्यावी लागते. बडोद्याची समिती वेगळी आहे. ऑफिसात सरळ विचारा, ‘एफआरसीनो ऑर्डर बतावशो?’ नाक मुरडतील, पण दाखवतील. बस, जेवण, गणवेश यांचा खर्च मात्र बाहेर असतो, आणि तोच पहिल्या जूनमध्ये कंबर मोडतो.

बस नसेल तर वर्धी. सात-आठ मुलं घेऊन जाणाऱ्या खाजगी व्हॅन-रिक्षाला इथे हाच शब्द. वर्धीवाला चांगला मिळाला तर तो घरचाच माणूस होतो, पण गाडीची कागदपत्रं आणि मुलं किती कोंबतो हे एकदा स्वतः सकाळी उभं राहून बघा. सहलीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधीही प्रश्न विचारा. १८ जानेवारी २०२४ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर कोणी ‘किती शंका काढता’ म्हणालं तर मी उत्तरही देत नाही.

गुजरातीची भीती बाळगू नका. २०२३च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सगळ्या बोर्डांत सक्तीची आहे, आयबीतही. लिपी म्हणजे आपलीच, शिरोरेघ काढलेली. दोन-चार अक्षरं सोडली तर मुलं दिवाळीपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचतात. घोळ शब्दांत होतो. शाळेतून ‘काले रजा छे’ असा निरोप आला तेव्हा मला वाटलं, बाईंनी रजा टाकली. मुलीला नीट तयार करून पाठवलं. शाळेला सुट्टी होती. डब्याचंही विचारून घ्या, बऱ्याच शाळांत अंडं चालत नाही.

मराठीचं काय, हा प्रश्न मात्र शाळेवर सोडू नका, ती ते करणार नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची जुनी घरं गायकवाडांच्या काळापासून मराठी बोलतात. त्यांचं ‘अमे’ आणि ‘आम्ही’ एकाच वाक्यात येतं, पण तिसऱ्या-चौथ्या पिढीतही बोलतात. ते घरामुळे टिकलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचं कार्ड काढा. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून माणूस बोलावून इथल्या ग्रंथालयांची घडी बसवली, आणि त्या कपाटांत मराठी पुस्तकं आजही आहेत. आम्ही शनिवारी जायचो, येताना सेव उसळ. धाकटा उसळीसाठी यायचा, दोन पुस्तकं नाइलाजाने घ्यायचा.

शाळा बघायला शक्यतो जुलैत या, आणि प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये जाण्याआधी शाळा सुटायच्या वेळी गेटवर पंधरा मिनिटं उभे राहा. पालक वर्धीची वाट बघत असतात आणि भरपूर बोलतात. ‘तमारा बाबाने केवुं लागे छे?’, म्हणजे तुमच्या मुलाला कसं वाटतं, एवढं विचारता आलं की पुरे.